कूलिंग टॉवरच्या पाण्यावरची रासायनिक प्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लांट चालवणारे, युटिलिटी सांभाळणारे आणि केमिकलच्या बिलावर सही करणारे, अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या टॉवरच्या मर्यादा तुमच्या पाण्याच्या तपासणीवरून आणि तुमच्या एक्स्चेंजरच्या (जिथे प्लांटमधली उष्णता पाण्यात उतरते त्या यंत्राच्या) धातूवरूनच ठरतील.

पाणी नुसतं फिरतं आणि गार होतं. मग त्यात केमिकल घालायचं कशाला?

पाणी गार होतं, कारण त्यातला थोडा भाग वाफ होऊन उडून जातो. उडतं ते शुद्ध पाणी. त्यातले क्षार टॉवरच्या तळाच्या टाकीत, म्हणजे बेसिनमध्येच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी नवं मेकअप पाणी येतं आणि स्वतःचे क्षार घेऊन येतं. हे चोवीस तास चालू असतं, त्यामुळे टॉवरचं पाणी दर तासाला अधिक जड होत जातं. शिवाय टॉवर दिवसभर बाहेरची हवा ओढतो आणि त्या हवेतली धूळ, जिवाणू, शेवाळाचे कण पाण्यात उतरतात. ३० ते ४० अंश तापमान, भरपूर ऑक्सिजन आणि ऊन हे सगळं तिथे आयतं मिळतं.

यातून तीन त्रास उभे राहतात: क्षारांचा थर म्हणजे स्केल, गंज आणि जैविक वाढ. हे तिन्ही एकमेकांना पोसतात. जिवाणूंच्या बुळबुळीत थराखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि नेमकं तिथेच धातूला खड्डे पडतात. गंजातून सुटलेलं लोखंड ट्यूबवर जाऊन बसतं आणि त्याला क्षार चिकटतात. म्हणून ‘आमच्याकडे फक्त स्केलचा प्रॉब्लेम आहे’ असं कुणी म्हणालं, की मी आधी बायोसाइडची (जिवाणू मारणाऱ्या केमिकलची) लॉगशीट मागतो.

सायकल म्हणजे काय? आणि सगळे त्याच्या इतके मागे का लागतात?

मेकअप पाण्यातले क्षार टॉवरमध्ये किती पटीने वाढले, तो आकडा म्हणजे सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन, रोजच्या बोलण्यात ‘सीओसी’. मेकअपमध्ये क्लोराईड ४० पीपीएम (दहा लाख भागांत ४० भाग) आणि टॉवरमध्ये २०० असेल, तर सायकल ५.

आता हिशोब मांडू. ताशी १,००० घनमीटर पाणी फिरतंय आणि टॉवरवर ते १० अंशांनी गार होतंय, असं धरा. अशा वेळी फिरणाऱ्या पाण्याच्या साधारण दीड टक्का, म्हणजे ताशी सुमारे १५ घनमीटर पाणी वाफ होऊन जातं. क्षार मर्यादेत ठेवायला टॉवरमधून मुद्दाम सोडून दिलेलं पाणी म्हणजे ब्लोडाऊन. ते किती, हे काढायचं सूत्र सोपं आहे: बाष्पीभवन भागिले सायकलमधून एक वजा. सायकल २ असेल तर ब्लोडाऊन १५ आणि मेकअप ३० घनमीटर. सायकल ३ केली की ब्लोडाऊन ७.५ आणि मेकअप २२.५. सायकल ५ ला ब्लोडाऊन ३.७५, मेकअप १८.७५. सायकल १० ला ब्लोडाऊन जेमतेम १.७ आणि मेकअप १६.७.

२ वरून ३ वर गेलात की दिवसाला १८० घनमीटर पाणी वाचतं. ७ वरून १० वर गेलात तर दिवसाला फक्त २० घनमीटर वाचतं, आणि तेवढ्यासाठी स्केल, क्लोराईड, सिलिका या सगळ्यांचा धोका अंगावर घ्यावा लागतो. पाणी खूपच दुर्मिळ असेल तर तोही निर्णय योग्य ठरू शकतो, पण तो हिशोब करून घ्यावा. सायकलचा आकडा मिरवण्यासाठी तो ताणू नये.

आम्ही ब्लोडाऊन व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवतो, तरी सायकल वाढत नाही. असं का?

पाणी दुसरीकडून जातंय. फ्लोट व्हॉल्व्ह अडकून बेसिन ओव्हरफ्लो होत असेल, पंपाच्या ग्लँडमधून धार लागली असेल, कुणीतरी फ्लोअर धुवायला टॉवर लाइनवर होज जोडला असेल किंवा ड्रिफ्ट एलिमिनेटर (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या) तुटून बारीक थेंब बाहेर उडत असतील. पाण्याच्या दृष्टीने हे सगळं ब्लोडाऊनच. वरच्या उदाहरणात ५ सायकलवर चालणाऱ्या टॉवरला ताशी एक घनमीटरची गळती लागली, तर सायकल ४.२ च्या आसपास येते. त्या गळतीबरोबर केमिकलही जातं. ‘डोस पूर्ण देतोय, पण तपासणीत दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा गळतीत सापडतं. मेकअप आणि ब्लोडाऊन या दोन्ही लाइनींवर मीटर नसेल, तर कुठलाही महागडा कार्यक्रम सुरू करण्याआधी ते बसवून घ्या.

सायकल कंडक्टिव्हिटीवरून मोजायची की क्लोराईडवरून?

रोजच्या नियंत्रणासाठी कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्याची वीजवाहकता; क्षार वाढले की ती वाढते. मीटर बेसिनपाशी असतो, आकडा लगेच मिळतो, ब्लोडाऊन व्हॉल्व्ह त्याच्यावर आपोआप चालवता येतो. पण ॲसिड घालत असाल तर कंडक्टिव्हिटीचा आकडा बदलतो आणि हायपोक्लोराईट घालत असाल तर क्लोराईड वाढतं. म्हणून अधूनमधून मॅग्नेशियम किंवा सिलिकावरून पडताळणी करावी.

खरी गंमत मात्र दोन सायकल शेजारी ठेवून वाचण्यात आहे. समजा मेकअपमध्ये कॅल्शियम हार्डनेस (कॅल्शियममुळे येणारा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) १२० पीपीएम आहे. क्लोराईडप्रमाणे सायकल ५ भरते, म्हणजे टॉवरमध्ये कॅल्शियम हार्डनेस ६०० हवा. तपासणीत निघाला ४३०. बाकीचा कुठे गेला? ताशी १८.७५ घनमीटर मेकअपबरोबर २,२५० ग्रॅम हार्डनेस आत येतोय, आणि ३.७५ घनमीटर ब्लोडाऊनबरोबर साधारण १,६१० ग्रॅम बाहेर जातोय. ताशी ६४० ग्रॅमची तूट. दिवसाला ती १५ किलो होते, आणि हे पंधरा किलो कॅल्शियम कार्बोनेट तुमच्या ट्यूबमध्ये, फिलवर (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या थरांवर) किंवा बेसिनच्या तळाशी बसतंय.

कंडेन्सर (टॉवरच्या पाण्याने गार होणारा एक्स्चेंजर) न उघडता कळणारी याहून चांगली खूण मला माहीत नाही. लॅबचा रिपोर्ट बहुतेक ठिकाणी ‘सगळं लिमिटमध्ये’ असं म्हणून फाईलला लागतो, कारण ४३० हा आकडा ६०० च्या मर्यादेत बसतो. उलट तो कमी आहे हेच काळजीचं कारण असतं.

स्केल नेमका गरम ट्यूबवरच का बसतो?

साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. तापमान वाढलं की त्याची विद्राव्यता घटते. म्हणून जिथे उष्णता काढायची असते, तिथेच ते सर्वांत आधी बाहेर पडतं. त्यातही ज्या एक्स्चेंजरमध्ये पाणी शेलच्या बाजूने संथ वाहतं, तिथे ते लवकर साचतं. ट्यूबमधून पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. व्हॉल्व्ह आवळून पाणी ‘वाचवणारे’ ऑपरेटर नकळत त्या एक्स्चेंजरचा बळी देतात.

पाणी स्केलकडे झुकतंय की गंजाकडे, याचा अंदाज लँजेलिअर इंडेक्स (१९३६) आणि रिझनर इंडेक्स (१९४४) यांवरून घेतात. हे इंडेक्स केमिकल न घातलेल्या पाण्याचा कल सांगतात. चांगला इनहिबिटर (स्केल किंवा गंज रोखणारं केमिकल) असेल तर लँजेलिअर इंडेक्स +२ ते +२.५, म्हणजे स्केलकडे झुकलेला असला तरी टॉवर स्वच्छ चालतात.

सिलिकाबद्दल मात्र कडक राहा. टॉवरच्या पाण्यात १५० पीपीएमच्या आसपासची मर्यादा पाळणं शहाणपणाचं. कार्बोनेटचा थर ॲसिडने निघतो. सिलिकाचा थर साध्या ॲसिडला दाद देत नाही आणि तो काढायला फ्लोराईडयुक्त ॲसिड लागतं. ते अतिशय घातक असतं.

अँटिस्केलंट पाण्यातला हार्डनेस कमी करतो का?

नाही. हार्डनेस काढतो तो सॉफ्टनर. अँटिस्केलंट कॅल्शियमला पाण्यातच राहू देतो, फक्त त्याच्या स्फटिकाची वाढ अडवतो. स्फटिकाच्या वाढणाऱ्या टोकांवर तो जाऊन बसतो, म्हणून काही पीपीएम एवढासा सक्रिय घटक शेकडो पीपीएम हार्डनेस सांभाळतो. फॉस्फोनेट गटात एचईडीपी आणि पीबीटीसी ही नावं नेहमी दिसतील. सतत क्लोरीन देत असाल तर पीबीटीसी अधिक टिकतं. एचईडीपी क्लोरीनने हळूहळू तुटतं. त्यांच्या जोडीला पॉलिमर असतो, तो कण सुटे ठेवतो. फॉस्फेटवर आधारित कार्यक्रमात सल्फोनेटेड कोपॉलिमर हवाच, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो.

जास्त घातलं तर जास्त फायदा, असं इथे होत नाही. कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात फॉस्फोनेटचा अतिरेक झाला, तर कॅल्शियम फॉस्फोनेटच खाली बसतं.

ॲसिड डोसिंग करावं का?

अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) खूप असेल आणि सायकल वाढवायची असेल, तर सल्फ्युरिक ॲसिड हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पण ऑटोमॅटिक पीएच कंट्रोलर, सुस्थितीतला प्रोब आणि ॲसिड नीट मिसळेल अशी जागा, या तीन गोष्टी नसतील तर करू नका. एक रात्र डोसिंग पंप चालू राहिला, पीएच ४ च्या खाली गेला, की धातूवरचा संरक्षक थर काही तासांत जातो आणि तो पुन्हा बसवायला खूप जास्त वेळ लागतो. ॲसिडबरोबर सल्फेट वाढतं, म्हणून काँक्रीटच्या बेसिनला आणि कॅल्शियम सल्फेटच्या मर्यादेलाही जपावं लागतं. आजचे चांगले पॉलिमर पीएच ८.५ ते ९ ला आरामात काम करतात. माझं मत विचाराल तर, लहान आणि मध्यम टॉवरवर ॲसिडशिवायचा कार्यक्रमच बरा.

गंजाचा दर किती असला तर ठीक म्हणायचं?

माइल्ड स्टीलसाठी वर्षाला ३ मिल, म्हणजे साधारण ०.०७५ मिलिमीटरच्या आत. तांब्याच्या मिश्रधातूंसाठी ०.२ मिलच्या आत. हे मोजायला वजन केलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे कूपन, परतीच्या लाइनवरच्या रॅकमध्ये ३० ते ९० दिवस ठेवतात. रॅकमधून पाणी ठरावीक वेगाने वाहिलं पाहिजे. व्हॉल्व्ह बंद असलेल्या रॅकमधल्या कूपनचा रिपोर्ट निरर्थक असतो.

कूपन बाहेर काढल्यावर लॅबला पाठवण्याआधी स्वतः बघा. सगळीकडे पातळ, सारखा तपकिरी डाग असेल तर हरकत नाही. एखादा फुगलेला गाठीसारखा डाग दिसला, तर तो नखाने खरवडून पाहा. खाली काळा लगदा आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंनी तिथे घर केलंय. पुसल्यावर टाचणीच्या टोकाएवढा खोल खड्डा दिसेल. अशा कूपनचा सरासरी दर दीड मिल येऊ शकतो आणि रिपोर्टवर ‘उत्तम’ असा शेरा पडतो. ट्यूब मात्र सरासरीने फुटत नाही, त्या एका खड्ड्याने फुटते.

गंज रोखायला एकेकाळी क्रोमेट सर्रास वापरत. काम उत्तम करायचं, पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, म्हणून ते मागे पडलं. अमेरिकेत १९९० मध्ये वातानुकूलनाच्या टॉवरमध्ये त्यावर बंदी आली आणि पुढे औद्योगिक टॉवरमध्येही. आता झिंक, ऑर्थोफॉस्फेट, मॉलिब्डेट यांची जुळणी वापरतात. तांबं किंवा पितळ असेल तर टॉलिलट्रायझोलसारखा ॲझोल (तांब्यावर संरक्षक थर धरणारं केमिकल) घ्यावाच. विरघळलेलं तांबं पुढे स्टीलवर जाऊन बसतं आणि तिथे खड्डे पाडतं, त्यामुळे हा खर्च तांब्याइतकाच स्टीलसाठीही असतो.

बेसिनमध्ये शेवाळ दिसत नाही. मग बायोसाइडवर खर्च का करायचा?

शेवाळाला ऊन लागतं, म्हणून ते डेकवर आणि फिलच्या कडेला दिसतं. नुकसान करणारा जैविक थर अंधारात, ट्यूबच्या आत वाढतो. उष्णता अडवण्यात तो कार्बोनेटच्या स्केललाही मागे टाकतो, कारण तो जवळपास सगळा साचलेल्या पाण्याचाच असतो. हात लावला तर बुळबुळीत लागेल, डोळ्यांना काही दिसणार नाही.

मुख्य भिस्त क्लोरीन किंवा ब्रोमीन यांसारख्या ऑक्सिडायझिंग बायोसाइडवर ठेवावी. परतीच्या पाण्यात मुक्त क्लोरीन ०.२ ते ०.५ पीपीएम राहील असं बघावं. इथे पीएच फार महत्त्वाचा. क्लोरीनचं मारक रूप म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड. पीएच ७.५ ला ते निम्मं असतं, ८.५ ला जेमतेम ९ टक्के उरतं. त्याच ८.५ ला ब्रोमीनचं मारक रूप ६० टक्क्यांच्या आसपास असतं. अल्कलाइन टॉवरमध्ये ब्रोमीन महाग वाटलं तरी परवडतं, ते यामुळे. क्लोरीनच वापरायचं असेल तर सोडियम ब्रोमाइडची जोड द्या. मात्र क्लोरीन बेसुमार वाढवू नका; लाकडी टॉवरचं लाकूड त्याने भुसभुशीत होतं आणि ॲझोलही वाया जातो.

जोडीला आठवड्यातून एकदा नॉन-ऑक्सिडायझिंग बायोसाइड आणि बायोडिस्पर्संट (जैविक थर सुटा करणारं केमिकल) द्यावं. आयसोथायाझोलिनोन सावकाश काम करतं, ग्लुटाराल्डिहाइड काही तासांत, आणि डीबीएनपीए खूप झपाट्याने. पण पीएच ८ च्या वर ते तितक्याच झपाट्याने तुटतं. निवड करताना तुमच्या टॉवरमध्ये केमिकल किती वेळ टिकतं ते पाहा: एकूण पाण्याचं प्रमाण भागिले ब्लोडाऊन, गुणिले ०.६९३. आपल्या उदाहरणातल्या टॉवरमध्ये ३०० घनमीटर पाणी असेल तर केमिकल निम्मं व्हायला ५५ तास लागतात. डोसच्या वेळी ब्लोडाऊन काही तास बंद ठेवावं.

लेजिओनेलाची भीती खरी आहे का?

खरी आहे, आणि या पानावरचा सगळ्यांत गंभीर विषय हाच आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या अधिवेशनानंतर लोक न्यूमोनियाने आजारी पडले, त्यातून हा जिवाणू ओळखला गेला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्स भागात एका कूलिंग टॉवरमुळे साथ पसरली आणि माणसं दगावली. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणजे टॉवरचंच तापमान. जैविक थर आणि गाळात तो लपतो आणि टॉवरमधून उडणाऱ्या बारीक थेंबांतून श्वासात जातो. ज्यांना लागण होते त्यांतल्या अनेकांनी त्या कारखान्यात पाऊलही टाकलेलं नसतं.

ड्रिफ्ट एलिमिनेटर शाबूत ठेवा, बेसिनमधला गाळ ठरल्या वेळी काढा, वापरात नसलेल्या पाइपचे साचलेले तुकडे कापून टाका, स्टँडबाय पंप आलटून पालटून चालवा. बंद पडलेला टॉवर सुरू करताना आधी बायोसाइड फिरवा, मग पंखे लावा. टॉवर धुणाऱ्या माणसाला योग्य श्वसन मास्क दिल्याशिवाय हाय प्रेशर जेट हातात देऊ नका. एकूण जिवाणूंची संख्या कमी आली म्हणजे लेजिओनेला नाही, असं नसतं. त्याची चाचणी वेगळी करावी लागते.

डोस कसा काढायचा?

सतत जाणारं केमिकल ब्लोडाऊनवर मोजतात, बायोसाइड एकूण पाण्यावर. ताशी ३.७५ घनमीटर ब्लोडाऊन, ५० पीपीएम डोस: ३.७५ × २४ × ५० भागिले १,००० म्हणजे दिवसाला ४.५ किलो. बायोसाइड १०० पीपीएम द्यायचं तर ३०० घनमीटरला ३० किलो, एका दमात. ४.५ किलो एकदम सकाळी ओतून मोकळं होणं ही वाईट सवय आहे. डोसिंग पंप मेकअप मीटरला जोडा.

नवा टॉवर किंवा शटडाऊननंतरची सुरुवात कशी करावी?

पहिले काही दिवस सगळ्यांत मोलाचे. तेल, वेल्डिंगचा कचरा, गंजाची धूळ डिस्पर्संटने धुऊन काढा, पाणी सोडून द्या, मग नेहमीच्या काही पट इनहिबिटर देऊन धातूवर संरक्षक थर बसू द्या. उष्णतेचा भार शक्यतो नंतर चढवा. टॉवर गॅल्व्हनाइज्ड असेल तर पहिले सहा-आठ आठवडे पीएच ७ ते ८ मध्ये ठेवा. तसं न केल्यास झिंकवर पांढरा भुसभुशीत गंज चढतो आणि तो टॉवर पुढे कधी नीट चालत नाही.

सांडपाणी शुद्ध करून मेकअपला वापरता येईल का?

येईल, आणि वापरावंच. फक्त अमोनिया आणि फॉस्फेट दोन्ही तपासा. अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो आणि तांब्याला भेगा पाडतो. फॉस्फेट कॅल्शियमबरोबर खाली बसतं. साइड स्ट्रीम फिल्टर (फिरत्या पाण्याचा थोडा भाग सतत गाळणारा फिल्टर) अशा पाण्याला अत्यावश्यक समजा.

चुंबकीय किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं तर केमिकल बंद करता येईल?

जाहिरातीवर विसंबून बंद करू नका. लावायचंच असेल तर कूपन, कॅल्शियमचा ताळा आणि कंडेन्सरचं ॲप्रोच तापमान (कंडेन्सिंग तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक), हे तिन्ही आधीपासून नोंदवा आणि यंत्र लावल्यावर तेच पुन्हा मोजा.

केमिकल हाताळताना कुठली चूक जिवावर बेतते?

ॲसिड आणि हायपोक्लोराईट एकत्र येणं. क्लोरीन वायू लगेच सुटतो. दोन्हींच्या टाक्या, डाइक (गळती अडवणारे बांध), पंप, मगसुद्धा वेगळे हवेत, आणि टँकर रिकामा करताना कपलिंगवरचं नाव दोघांनी वाचावं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. आयसोथायाझोलिनोन त्वचेला लागलं तर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की थोड्याशा संपर्कानेही उफाळते. म्हणून हातमोजे आणि गॉगल रोजच. आय वॉशमधून पाणी येतं का, ते दर आठवड्याला नळ उघडून बघा.

सप्लायर बदलायचा विचार आहे. कोटेशनमध्ये काय बघायचं?

किलोचा दर बघू नका. ठरलेल्या सायकलवर दिवसाचा खर्च किती, सक्रिय घटक किती टक्के, आणि गंजाचा दर व कंडेन्सरचं ॲप्रोच याची लेखी हमी आहे का, ते विचारा. जुना कार्यक्रम बंद करण्याआधी कंडेन्सर उघडा, ट्यूबचे फोटो काढा आणि साचलेला थर खरवडून बाटलीत ठेवा. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला आणि फसफसलं, तर कार्बोनेट. नवा सप्लायर पाण्याचा नमुना न मागता डोस सांगत असेल, तर त्याला परत पाठवा.